विहीण, वाटाणा आणि हुंगणी

ती पेटी गावात आली त्या दिवसापासून बोरमाळच्या लोकांच्या थापा निम्म्यानं कमी झाल्या, असं म्हणतात. निम्म्यानंच. उरलेल्या निम्म्या एकट्या हेमलताबाई रासकरांच्या होत्या, आणि त्या थांबवेल अशी पेटी अजून कुठल्या कारखान्यात निघालेली नव्हती.

पेटी दिसायला साधीच. मसाल्याच्या डब्याएवढी, वर एक भोक, पुढे दोन दिवे, एक हिरवा आणि एक लाल. कंपनीनं तिला हातभर लांब नाव दिलं होतं. त्यात ‘समस्थानिक’ असा एक शब्द होता, आणि तो उच्चारताना अंजीर संघाचे चेअरमन संपतराव झगडे यांची कवळी भर सभेत निसटली होती. मग गावानंच तिचं बारसं करून टाकलं. हुंगणी. भोकात फळाच्या सालीचा नखाएवढा तुकडा टाकायचा. हुंगणी तो जाळणार, धूर हुंगणार आणि त्या झाडानं काय खाल्लंय ते सांगणार. शेणखत, लेंडीखत खाल्लं असेल तर हिरवा. कारखान्यातल्या गोणीचा युरिया खाल्ला असेल तर लाल.

आता तुम्ही म्हणाल, झाडानं काय खाल्लं याच्याशी गावाला काय करायचंय? तर करायचं होतं. पुरंदरच्या त्या उतारावर एके काळी गोण्यांचा नुसता पाऊस पडत होता. गोणीतला नत्र झाडाला एकदम मिळतो, पंगतीत अख्खी परात एकाच्याच पानात उलटावी तसा. झाडं माजली. पानं सुपाएवढी झाली आणि अंजीर पाणचट. झाडाला जेवढं पचलं नाही तेवढं पाण्याबरोबर खाली उतरलं आणि विहिरींत जाऊन बसलं. त्याला नायट्रेट म्हणतात. मोठ्या माणसाला ते लगेच कळत नाही, पण तान्ह्या बाळाला त्या पाण्यातलं दूध दिलं तर त्याचे ओठ निळे पडतात. बोरमाळात दोन बाळांचे पडले. वेळेवर दवाखान्यात नेली म्हणून वाचली. त्यानंतर गावानं देवळात शपथ घेतली की अंजिराच्या बागेत गोणी नाही. विहिरी साफ व्हायला कितीतरी वर्षं गेली. म्हणून तिथं एखाद्यानं चोरून गोणी टाकली म्हणणं म्हणजे तो शेजाऱ्याच्या घागरीत थुंकला म्हणण्यासारखंच होतं.

हुंगणी चालवायला माणूस हवं होतं. गावानं एकमतानं अर्चना गिरमे यांचं नाव घेतलं. आवडत होत्या म्हणून नव्हे, खरं बोलायच्या म्हणून. खरं म्हणजे इतकं खरं की लोक त्यांना जेवायला बोलावताना दोनदा विचार करायचे. स्वतःच्या लेकीच्या साखरपुड्यात, ईश्वरीच्या, सगळ्या पाहुण्यांसमोर त्या होणाऱ्या विहिणीला म्हणाल्या होत्या, “बासुंदी करपलीय.”

होणारी विहीण म्हणजे हेमलताबाई. त्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही. “करपली नाही, विहीणबाई. रासकरांकडं बासुंदीला धुराचा मान असतो. पेशव्यांच्या वेळेपासून.”

पंगत हसली, अर्चनाबाईसुद्धा हसल्या आणि तिथंच त्या दोघींचं जमलं. एक तोलूनमापून बोलणारी आणि दुसरी मापाचं भांडंच फेकून देणारी. बाजारला जायचं तर दोघी बरोबर, लग्नाकार्याला जायचं तर दोघी बरोबर. ईश्वरीला मुलगी झाली, ओवी, तेव्हा तर दोघी एकाच खाटेवर बसून बाळंतविडा शिवत होत्या, भांडत भांडत.

हेमलताबाईंचं आवडतं पुराण मेंढ्यांचं. बोरमाळात मोठ्या घराची खूण म्हणजे मेंढ्या बसवणं. दिवाळीनंतर धनगर कळप घेऊन खाली उतरायचे. त्यांना धान्य द्यायचं आणि कळप आपल्या बागेत मुक्कामाला ठेवायचा. मेंढ्या लेंड्या टाकणार, मुतणार, जमीन तृप्त होणार. ज्याच्या बागेत कळप बसला त्याची मान ताठ. हेमलताबाई दर वर्षी सांगायच्या, “यंदा इतक्या मेंढ्या बसल्या, इतक्या बसल्या, की पाय ठेवायला जागा नाही. मी आपली मेंढ्यांच्या पाठीवरून चालत विहिरीवर गेले.”

कंपनीची डॉक्टर पहिल्यांदा आली, केतकी सरदेसाई, तेव्हाही हेच झालं. हुंगणीला आधी गाव शिकवावं लागतं. कुठल्या बागेनं काय खाल्लंय ते सांगायचं, तिथलं फळ द्यायचं, त्यावरून ती हिशेब बांधणार. डॉक्टर केतकीनं विचारलं, “अंजिरात कुणी कडधान्य घेतं का? हिरवळीचं खत वगैरे? कारण तसं असेल तर...”

तिला पुढं बोलूच दिलं नाही. हेमलताबाई उभ्या राहिल्या. “अहो डॉक्टर, मेंढी बसली नाही अशी एक बाग बोरमाळात दाखवा, मी मिशी लावून फिरेन!”

सगळी सभा हसली. संपतराव म्हणाले, “लिहून घ्या मॅडम, सगळीकडं मेंढ्या. आणि दिवे दोनच ठेवा. आमच्या लोकांना आकडे दाखवले की ते घासाघीस करतात.” डॉक्टर केतकीनं दोन दिवे ठेवले. तिचा अर्धा प्रश्न हशात विरून गेला तो गेलाच.

*

हुंगणी हुंगते काय, ते सांगितलं पाहिजे. नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

आपल्या हवेत पाचातले चार भाग नत्रच आहे. झाडं बिचारी त्यात बुडालेली असतात, पण तो त्यांना तसाच खाता येत नाही. आता हा नत्र दोन प्रकारचा. एक हलका आणि एक जरासा जड. जड फार थोडा, पावणेतीनशेत एखादा. दोघं जुळ्या भावांसारखे, वागणं बोलणं सारखंच, फक्त एकाचा खिसा भारी. कारखाना हवेतला नत्र घेतो, तापवतो, दाबतो आणि त्याचा युरिया करतो. म्हणून गोणीत हलक्या-जडाचं प्रमाण हवेतल्यासारखंच राहतं. शेणाचं तसं नाही. मुतारीपाशी नाकात झणका जातो ना, तो नत्रच असतो उडून जाणारा. उडायला हलका भाऊ पहिला तयार. जड मागं रेंगाळतो. म्हणून मुरलेल्या लेंडीखतात जड भाऊ थोडे जास्त सापडतात. झाड तेच खातं, फळात तेच उतरतं, आणि हुंगणी तेवढंच मोजते. झाडाच्या मुळाला मात्र कशाचंच काही नसतं. ते म्हणत नाही, हा नत्र मेंढीचा की कारखान्याचा. मिळाला की खातं.

*

माघातली सकाळ होती. मीठा बहार, अंजिराचा गोड हंगाम, सुरू झालेला. संघाच्या शेडमध्ये पहिल्या तोडीची तपासणी, हुंगणीचीसुद्धा पहिलीच. अर्चनाबाई टेबलाशी बसल्या होत्या, हातात चिमटा, नाकावर चष्मा. रांगेत बागवाले आपापली पाटी घेऊन उभे. हिरवा, हिरवा, हिरवा. प्रत्येक हिरव्याला संपतराव टाळी वाजवत होते.

हेमलताबाई आल्या त्या नववधूसारख्या. पाटीत अंजिराची पानं, पानांवर जांभळट अंजिरं, देठाशी अजून चिकाचा पांढरा थेंब. “घ्या विहीणबाई. हुंगणीला म्हणावं सावकाश हुंग, चक्कर येईल.”

अर्चनाबाईंनी साल काढली, भोकात टाकली. पेटी गुरगुरली.

लाल.

“दिव्याला काय झालं?” संपतराव म्हणाले.

अर्चनाबाईंनी दुसरं फळ घेतलं. लाल. तिसरं, पाटीच्या तळातलं. लाल. मग त्यांनी स्वतःच्या पाटीतलं अंजीर टाकलं. हिरवा. दिव्याला काही झालेलं नव्हतं.

अर्चनाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, “गोणी.”

“कोण गोणी?” हेमलताबाई अजून हसतच होत्या.

“तुमची बाग. तीनदा बघितलं.”

“देवाशप्पथ सांगते, माझ्या बागेत युरियाचा दाणा पडलेला नाही.”

“हुंगणी पडला म्हणते.”

हेमलताबाई टेबलाच्या जवळ आल्या. आवाज खाली आला होता. “हुंगणी काय म्हणते ते सगळ्यांनी ऐकलं. तुम्ही काय म्हणता? माझ्याकडं बघा आणि सांगा.”

इथं अर्चनाबाई गप्प बसल्या असत्या तरी चाललं असतं. पण मागं लोक होते, आणि विहीण आहे म्हणून झाकलं असं कुणी म्हणू नये, याची त्यांना घाई झाली होती. त्या म्हणाल्या, “मेंढ्यांच्या पाठीवरून चालत जाणाऱ्या बाईनं हा प्रश्न मला विचारू नये.”

शेड खो खो हसली. वर्षानुवर्षं हेमलताबाईंच्या थापांना लोक हसले होते, पण ते त्यांच्याबरोबर हसायचे. आज पहिल्यांदा त्यांना हसले. त्यांनी पाटी उचलली, पानं नीट झाकली आणि रांगेच्या कडेकडेनं निघून गेल्या.

*

संघाचा नियम साधा होता. लाल दिवा लागला की तीन बहार संघाचा शिक्का नाही. माल जॅमच्या कारखान्यात. पण तेवढ्यानं भागलं नाही. रासकरांच्या विहिरीच्या खाली चार घरं होती. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पाण्याचा पाइप सोडवून झगड्यांच्या विहिरीला जोडला. हळदीकुंकवाला हेमलताबाईंना बोलावणं आलं नाही. कुणीतरी म्हणालं, “घरात तान्हं मूल असून असं करवलं तरी कसं?” आणि ते फिरत फिरत त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी थापा मारायचं सोडलं. बोरमाळ एकदम सपक झालं, मीठ नसलेल्या आमटीसारखं.

अर्चनाबाई स्वतःला सांगत होत्या, आपण आपलं काम केलं. दिवसातून कितीतरी वेळा सांगत होत्या, म्हणजे पटत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी ईश्वरी आली. कडेवर ओवी. पाणी दिलं तर घेतलं नाही.

“माहेरी येऊन पाणी नाही घेणार?”

“आधी बोलते, मग घेते. आई, ओवीला आम्ही पाणी कुठलं देतो?”

“मला काय माहीत?”

“आमच्याच विहिरीचं. आत्याच भरतात, पहाटे. आणि आरोग्यसेविका दर महिन्याला येऊन पाण्यात ती पट्टी बुडवते. नायट्रेट असलं की पट्टी गुलाबी होते. ओवी झाल्यापासून आमची पट्टी एकदाही गुलाबी झालेली नाही. झगड्यांची झाली होती गेल्या पावसाळ्यात, फिकट. आमची पांढरीशुभ्र.”

अर्चनाबाईंचा विळीवर भाजी चिरणारा हात थांबला. गोणी टाकायची आणि विहिरीत तिचा मागमूस नाही, असं होत नाही. गेल्या वीस वर्षांत या उतारावर कधी झालं नव्हतं.

“मग हुंगणी लाल का झाली?”

“पारखी तू आहेस. मी नाही.”

“ईश्वरी, तुमच्या बागेत मेंढ्या शेवटच्या कधी बसल्या?”

ईश्वरीनं लेकीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “मी त्या घरची सून आहे. आत्यांनी जे सांगितलं नाही, ते माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही. एवढं सांगते, आमच्या बागेला कुंपण नाही. आणि आज आत्या सासवडला गेल्यात.” मग तिनं तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायली.

*

अर्चनाबाई हुंगणी पिशवीत घालून रासकरांच्या बागेत शिरल्या. पन्नाशी उलटलेली बाई आणि चोरासारखी पदर खोचून बांध ओलांडतेय. कुणी बघितलं असतं तर हेमलताबाईंना वर्षभराचं पुराण मिळालं असतं.

आधी त्यांनी गोणी शोधली. खोपटात शोधली, मोटारीच्या कोनाड्यात बघितलं, कडब्याच्या गंजीत हात घातला. काही नाही. मग त्यांनी लेंड्या शोधल्या. वाकून, बोटांनी माती उकरून. एक लेंडी नाही. जुनी नाही की नवी नाही. या मातीवर मेंढी बसून कित्येक वर्षं लोटली होती.

म्हणजे मेंढ्या खोट्या, हे तर खरंच. पण मग झाडं जगली कशावर? झाडं तर तुकतुकीत होती. पान मध्यम, फांदी भरलेली, कुठं माज नाही.

झाडांच्या ओळींमध्ये गुडघाभर वाटाणा उभा होता. वाटाणा बोरमाळात सगळेच करत, पण माळावर, वेगळ्या तुकड्यात. शेंगा बाजारात आणि पाला म्हशीला. अंजिराच्या बागेत वाटाणा लावणं हे ज्याच्याकडं कळप बसवायची ऐपत नाही त्याचं लक्षण. आणि इथं नुसता लावला नव्हता. पायाखालची माती भुसभुशीत लागत होती. त्यांनी उकरलं तर गेल्या वर्षीचा कुजलेला पाला सापडला, त्याच्याखाली त्याच्या आधीचा. वर्षानुवर्षं कुणीतरी सगळा पाला म्हशीच्या तोंडून काढून मातीत गाडला होता.

अर्चनाबाईंनी एक रोप उपटलं. मुळांना साबुदाण्यासारख्या गाठी. नखानं एक फोडली, आतून गुलाबी. त्यांनी एक शेंग सोलली, दोन दाणे तोंडात टाकले आणि तिसरा, काय मनात आलं कुणास ठाऊक, हुंगणीच्या भोकात टाकला.

लाल.

या वाटाण्यानं गोणी कुठं खाल्ली? फोन काढला आणि डॉक्टर केतकीला लावला.

“मॅडम, वाटाणा लाल येतो.”

“येणारच,” पलीकडून शांत आवाज आला. “वाटाण्याच्या गाठीत जिवाणू असतात, ते हवेतला नत्र पकडतात. कारखाना जे भट्टीत करतो ते ते मुळाशी बसून, बिनआवाजाचं करतात. दोघांचा माल हवेतलाच. त्यामुळं हलक्या-जडाचं प्रमाण सारखं.”

“म्हणजे वाटाण्याचा पाला गाडून वाढवलेलं अंजीर...”

“गोणीवाल्यासारखंच दिसेल. पण विहिरीत काही उतरणार नाही, कारण पाला हळूहळू कुजतो आणि झाड लागेल तसं घेतं.” “पहिल्या सभेत मी विचारलं होतं ना कडधान्याचं? कुणीतरी मिशी लावणार होतं.”

“तुम्ही परत का नाही विचारलं?”

“विचारायला हवं होतं. सगळे हसत होते, मीही हसले. पण ताई, एक सांगते. मशीन खोटं बोललं नाही. ते एवढंच म्हणालं, हा नत्र हवेतून आला. ‘गोणी’ हे नाव तुम्ही दिलंत.”

अर्चनाबाईंनी फोन ठेवला. आता सगळं लख्ख दिसत होतं. विहीण निर्दोष होती आणि तिला ते सिद्ध करायचा रस्ता पहिल्या दिवसापासून मोकळा होता. एवढंच म्हणायचं होतं, माझ्याकडं मेंढ्या नसतात, वाटाणा असतो. ते म्हणायच्या ऐवजी तिनं चोर म्हणवून घेतलं होतं. आणि ते म्हणणं अवघड कुणी केलं? भर शेडमध्ये मेंढ्यांच्या पाठीवरून हशा कुणी पिकवला?

*

रविवारी संघाची सभा. अर्चनाबाईंनीच बोलावली होती. हेमलताबाई आल्या आणि मागच्या खांबाशी, ईश्वरीच्या शेजारी बसल्या.

सभेला जेवण चेअरमनच्या घरचं. पिठलं-भाकरी. संपतराव नेहमीप्रमाणं सांगत होते, “माझ्या रानातला हरभरा आहे. नुसत्या गोमूत्रावर वाढवलेला. गोणीचा वारासुद्धा लागला नाही.”

“खरं का?” अर्चनाबाई म्हणाल्या आणि त्यांच्याच ताटातलं बोटभर वाळकं पिठलं उचलून हुंगणीत टाकलं.

लाल.

सभेचा घास घशात अडकला. “संपतराव,” मागून कुणीतरी ओरडलं, “पिठल्याला फोडणी युरियाची का?”

“अहो, काहीतरीच! मशीन बिघडलंय!”

“बिघडलेलं नाही.” अर्चनाबाईंनी पदराची गाठ सोडली, एक पान काढलं. “हे टेकडीवरच्या म्हसोबाच्या करंजाचं. म्हसोबाला गोणी कोण घालतं?” पान भोकात गेलं. लाल. मग वाटाण्याचा दाणा. लाल. “हरभरा, करंज, वाटाणा, सगळे शेंगांच्या जातीचे. यांच्या मुळाशी गाठी असतात. हे हवेतला नत्र खातात. कारखानाही हवेतलाच घेतो. हुंगणीला दोघांतला फरक कळत नाही. कळणारच नाही. पारखी म्हणून मला तो कळायला हवा होता, आणि मी दिवा बघून निकाल दिला. रासकरांच्या बागेत गोणी नाही. त्यांच्या विहिरीची पट्टी कायम पांढरी आहे, आरोग्यसेविकेला विचारा. मी स्वतः बाग उकरून आले. हुंगणीच्या दिव्यांवर आजपासून चिकटपट्टी. डॉक्टर केतकीकडून तिचा आकडा उघडून घेऊन तो बघायचा, विहीर तपासायची आणि बागेत पायी जायचं. तिन्ही केल्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही.”

संपतराव पिठल्याच्या ताटाकडं संशयानं बघत होते. पण चेअरमन ते चेअरमन. त्यांनी नको तिथं बोट ठेवलं. “ते सगळं ठीक आहे. पण हेमाताई तर दर वर्षी मेंढ्या बसवतात ना? मेंढ्या बसल्या असत्या तर दिवा हिरवा लागला असता. काय हो अर्चनाताई, मेंढ्या होत्या की नव्हत्या?”

सगळ्यांच्या माना वळल्या. हिनं कधी खोटं सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, हे सगळ्यांना ठाऊक. अर्चनाबाईंनी हुंगणी पुढ्यात ओढली.

“नत्राचं विचारा, सांगते,” त्या म्हणाल्या. “मेंढ्यांचं मला विचारू नका.”

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईनं एका प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. ते कुणाला कळलं असेल नसेल, खांबाशी बसलेल्या बाईला कळलं. हेमलताबाई उठल्या.

“नव्हत्या!” त्या अशा आवाजात म्हणाल्या की जणू हीसुद्धा बढाईच आहे. “चार वर्षं झाली, एक मेंढी बसली नाही. तो आठपदरी रस्ता झाला आणि धनगराची वाटच बुजली. म्हणाला, वहिनी, गाड्या काय माझ्या मेंढ्यांसाठी थांबतात व्हय? मग मी वाटाणा पेरला. पाला गाडला. म्हैस माझ्यावर रुसली, महिनाभर दूध चोरत होती. आणि तुमच्यासमोर मेंढ्या सांगितल्या, कारण रासकरांच्या बागेत कळप नाही म्हणायला जीभ वळेना.”

“मिशी! मिशी!” कुणीतरी ओरडलं.

“आणा मिशी, लावते!” हेमलताबाईंनी पदर कमरेला खोचला. “पण आधी एक सांगा. या चार वर्षांत आपल्या बागेत मेंढी बसलेली ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितली असेल, त्यानं हात वर करा. ट्रकनं मागवलेली लेंडी नाही. जिती मेंढी.”

सभेत पान हलेना. संपतरावांचा हात अर्धा वर गेला, तिथं थबकला आणि डोकं खाजवून खाली आला.

आधी ईश्वरी हसली. मग सगळं बोरमाळ हसलं, आणि या वेळी कोण कुणाला हसतंय हे कुणालाच सांगता आलं नसतं. शिक्का तिथल्या तिथं परत झाला. खालच्या चार घरांतले कर्ते पुरुष एकमेकांकडं बघत, पाइप कुणी आधी जोडायचा, ते ठरवत होते.

हेमलताबाई मात्र अर्चनाबाईंशी न बोलता निघून गेल्या.

*

संध्याकाळी ईश्वरीचा फोन आला. “आई, आत्या भिंतीकडं बघून म्हणाल्या की उद्या शेंगा तोडायला बाया कमी पडतायत.”

“भिंतीकडं बघून?”

“हो. पण मोठ्यानं.”

सकाळी अर्चनाबाई पाटी घेऊन हजर. हेमलताबाईंनी त्यांना सगळ्यात लांबलचक, उन्हातली ओळ दिली. गावातल्या बाया बांधावरून बघत होत्या. संघाची पारखी विहिणीच्या रानात रोजंदारीवर वाकलीय, असं दृश्य काही रोज मिळत नाही.

ओळ संपत आली तेव्हा हेमलताबाई पलीकडच्या ओळीत येऊन वाकल्या.

“चुकलं माझं,” अर्चनाबाई म्हणाल्या.

“काय चुकलं? नीट सांगा. मला मोघम चालत नाही.”

“तुम्हाला? मोघम?”

“विषय बदलू नका.”

अर्चनाबाईंनी कंबर सरळ केली. “दिवा लाल म्हणून लाल म्हणाले, ते एक चुकलं. पण ते पेटीचं चुकलं म्हणता येईल. लोकांना तुमच्यावर हसवलं, ते माझं.”

हेमलताबाईंनी शेंगा तोडल्या. मग त्या उठल्या, जवळच्या झाडावरचं एक अंजीर बघून बघून तोडलं, देठाचा चीक पदराला पुसला आणि विहिणीसमोर धरलं.

“पेटी आणलीय का?”

“घरी आहे.”

“बरं झालं. खा आणि सांग.”

विहीणबाई नाही, तुम्ही नाही. खा. सांग. अर्चनाबाईंनी अंजीर मधोमध फोडलं, आतला लाल गर बघितला, अर्धं तोंडात टाकलं आणि डोळे मिटून चावलं. बांधावरच्या बायांनी माना पुढं काढल्या. एवढं सगळं झाल्यावर बाई काय म्हणणार? साखर म्हणेल, अमृत म्हणेल. दुसरं काय म्हणायचं राहिलंय?

“पाणी जास्त झालंय,” अर्चनाबाई म्हणाल्या.

झाडाला टांगलेल्या ओवीच्या झोळीशी उभ्या असलेल्या ईश्वरीनं कपाळाला हात लावला.

हेमलताबाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग कमरेवरचे हात गेले आकाशाला. “पाणी जास्त? रासकरांच्या अंजिराला? अगं, माझ्या आजेसासऱ्याच्या वेळी याच झाडाचं एक अंजीर खाली पडलं तर त्याच्या पाकात कोंबडी चिकटून बसली होती, दोन दिवस सुटली नाही! आणि तू मला सांगतेस पाणी जास्त!”

“कोंबडी चिकटली असेल,” अर्चनाबाई दुसरं अर्धं खात म्हणाल्या. “याला माशीसुद्धा चिकटायची नाही.”

हेमलताबाई रागारागानं निघाल्या. ओळ ओलांडली, ओवीच्या झोळीला जाता जाता एक झोका दिला, विहिरीशी पोचल्या. तिथून अजूनही त्यांचा आवाज येत होता, कोंबडी कुठल्या रंगाची होती ते सांगणारा. सांगता सांगताच त्या वाकल्या आणि ठिबकचा कॉक अर्धा बंद केला.